आल्प्समधले प्राणी-पार्क: मुलाबाळांना आणि सासूसासऱ्यांना घेऊन एका दिवसाची सहल

झुरिकला येऊन आम्हाला जेमतेम चार महिने झाले होते. फेब्रुवारीतला रविवार, बाहेर लख्ख ऊन, आणि किंडरगार्टनमध्ये जाणाऱ्या लेकीच्या डोक्यात एकच गोष्ट: मारमॉट, म्हणजे डोंगरात बिळं करून राहणारी मोठी गुबगुबीत खार. बाईंनी वर्गात चित्र दाखवलं होतं. दोन गाड्या बदलून, तिकिटं काढून आम्ही एका पार्कात पोहोचलो आणि मारमॉटच्या आवारासमोर जाऊन उभे राहिलो. समोर नुसता बर्फ. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. शेवटी शेजारून जाणाऱ्या एका आजोबांना आमची दया आली. त्यांनी दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपेची खूण केली आणि म्हणाले, "बिस आप्रिल." एप्रिलपर्यंत. पोरीने तिथेच भोकाड पसरलं.

त्यानंतर सात वर्षांत असे पार्क आम्ही बरेच पालथे घातले. कधी दोघंच मुलांना घेऊन, कधी पुण्याहून आलेल्या सासूसासऱ्यांना घेऊन. दर उन्हाळ्यात कुणीतरी नवीन मराठी कुटुंब तेच प्रश्न विचारतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे. मी झुरिकच्या बाजूला राहते, त्यामुळे लिखाण स्वित्झर्लंडकडे झुकलेलं आहे. म्युनिकवाल्यांसाठी इन्सब्रुकचंही लिहिलं आहे.

सुरुवातीलाच एक. राणीची बाग किंवा कात्रज डोक्यात ठेवून इथे येऊ नका. इथली आवारं मोठी असतात, त्यात झाडं, खडक, ओढे असतात, आणि प्राण्याला लपायला जागा मुद्दाम ठेवलेली असते. लिंक्स हा मांजरकुळातला प्राणी मी सात वर्षांत तीनदा पाहिला आहे, त्यातही एकदा फक्त कान. "पैसे भरले आणि काहीच दिसलं नाही" ही तक्रार घेऊन परतणारे लोक बहुतेक एका दिवसात चाळीस आवारं उरकायला निघालेले असतात. खालचे सगळे टप्पे मी एका गोष्टीभोवती रचले आहेत: दिसायचं की नाही ते प्राणी ठरवणार, आपण फक्त योग्य महिन्यात, योग्य वेळी, पोट भरलेलं आणि पाय शाबूत असताना तिथे असायचं.

१. पार्क निवडताना आधी अंतर बघा

लहान मुलं असतील तर घरापासून पार्काच्या दारापर्यंत दीड तास ही माझी कमाल मर्यादा. आजीआजोबा बरोबर असतील तर गाडी एकदाच बदलायची.

सगळ्यात पहिल्या फेरीसाठी झुरिककरांनी लांगेनबेर्गला जावं. १८६९ सालचं हे वन्यप्राणी उद्यान स्वित्झर्लंडमधलं सर्वांत जुनं, आणि प्रवेश फुकट. हे काही खरे आल्प्स नव्हेत, पण अस्वल, लांडगा, लिंक्स, रानडुक्कर, युरोपचा गवा म्हणजे विसेंट, आयबेक्स नावाचे डोंगरी बोकड, मारमॉट सगळे आहेत. फुकट असल्याचा मोठा फायदा असा की मूल तासाभरात कंटाळलं तर "पैसे वाया गेले" म्हणून त्याला फरफटत नेण्याची वेळ येत नाही. एस-४ लोकल पकडून विल्डपार्क-होफ्ली स्टेशनवर उतरायचं. एवढंच लक्षात ठेवा की ही लोकल हाउप्टबानहोफच्या, म्हणजे झुरिकच्या मुख्य स्टेशनच्या, २१-२२ नंबरच्या भूमिगत फलाटावरून सुटते आणि तिथपर्यंत चालायलाच बराच वेळ लागतो. स्टेशनापासून पार्कापर्यंत चढ आहे. लहान मुलाला तो लांब वाटतो.

दुसरी फेरी गोल्डाऊ. माझ्या मते नवख्या कुटुंबाला पैसे मोजून जायला सगळ्यात चांगलं ठिकाण हेच. श्वित्स कँटनमधलं आर्थ-गोल्डाऊ हे मोठं जंक्शन आहे. झुरिकहून पाऊण तास, लुत्सर्नहून अर्धा तास, आणि स्टेशनातून पार्काच्या दारापर्यंत दहा मिनिटं चालत. इथे अस्वलं आणि लांडगे एकाच मोठ्या आवारात राहतात. एका भागात सिका हरणं आणि म्युफ्लॉन नावाच्या रानमेंढ्या मोकळ्या फिरतात, त्यांना खायला घालता येतं.

या पार्कात शिरलं की जिकडेतिकडे घराएवढाले दगड दिसतात. ती सजावट नाही. २ सप्टेंबर १८०६ रोजी, बराच काळ पडलेल्या पावसानंतर, वरचा रॉसबेर्ग डोंगर सुटला आणि गोल्डाऊ गाव त्याखाली गेलं. ४५७ माणसं गेली. पार्क त्या दरडीच्या दगडांमध्येच वसवलेलं आहे. सासरे ते वाचून एका दगडाला हात लावून बराच वेळ उभे होते. आंबेगाव तालुक्यात त्यांचे नातेवाईक आहेत, त्यामुळे माळीण हा शब्द कुणी उच्चारायची गरज नव्हती.

सेंट गॅलनकडच्यांनी पीटर उंड पाउल बघावं. १८९२ पासूनचं, शहराच्या वरच्या टेकडीवर, हेही फुकट. आयबेक्सची गोष्ट इथली आहे. मागे वळलेल्या लांब शिंगांचा हा डोंगरी बोकड, जर्मनमध्ये श्टाइनबॉक, शिकारीमुळे अख्ख्या आल्प्समधून जवळजवळ संपला होता. उरले होते ते ग्रान पारादीझो इथे, इटलीच्या राजाच्या शिकारीच्या रानात. राजा विकायला तयार नव्हता. मग १९०६ मध्ये पिल्लं चोरून सीमेपलीकडून या पार्कात आणली गेली, इथे वाढवली, आणि १९११ मध्ये त्यांच्या वंशातले पहिले प्राणी ग्राउए होर्नर डोंगरात सोडले. मुलांना "चोरून आणलेले बोकड" एवढं सांगितलं की आवारासमोर पंधरा मिनिटं हमखास मिळतात.

इंटरलाकेनला फिरायला आलेल्या पाहुण्यांसाठी स्वस्तातला पर्याय: हार्डर कुल्मला जाणाऱ्या रेल्वेच्या खालच्या स्टेशनाजवळ आयबेक्स आणि मारमॉटचं छोटं आवार आहे, फुकट. अर्ध्या तासाचं काम.

आरोझाचं अस्वलांचं अभयारण्य, बेरेनलांट, २०१८ मध्ये सुरू झालं. सर्कशीसारख्या वाईट अवस्थेतून सोडवलेली अस्वलं इथे ठेवतात. पहिलं आलेलं नापा नावाचं अस्वल सर्बियातल्या सर्कशीतलं होतं. कूरहून डोंगरातली छोटी लाल गाडी साधारण एक तास घेते आणि पुढे केबल कारने मधल्या स्टेशनपर्यंत. जागा सुरेख आहे, पण झुरिकहून एका दिवसात हे जरा ओढाताणीचं होतं. गेलातच तर खालच्या जंगलातली खारींची वाट चुकवू नका. मुठीत अक्रोड धरून गप्प उभं राहिलं की खार हातावरून तो उचलते. मुलाला अस्वलापेक्षा ती खार जास्त आठवते.

म्युनिकवाल्यांसाठी इन्सब्रुकचा आल्पेन्झू. १९६२ मध्ये सुरू झालेला, शहराच्या वर साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर, आणि सगळे प्राणी फक्त आल्प्समधले. खालून हुंगरबुर्गबान नावाची डोंगररेल्वे जाते, तिचं एक स्टेशनच आल्पेन्झू आहे. सापळा तिकिटाचा: डॉइचलांडटिकिट, म्हणजे जर्मनीचा महिन्याचा पास, कुफश्टाइनपर्यंतच चालतं, पुढचं तिकीट वेगळं काढावं लागतं. झुरिकहून मात्र इन्सब्रुक एका दिवसात करू नका. एकेरी साडेतीन तासांच्या आसपास लागतात. आम्ही केलं होतं. चार तास पार्कात, सात तास गाडीत.

२. महिना बघा, नाहीतर आमच्यासारखं होईल

मारमॉट साधारण ऑक्टोबर ते एप्रिल झोपलेले असतात, अख्खं कुटुंब एकाच बिळात. अस्वलंही हिवाळ्यात गुडूप. त्यामुळे "हिवाळ्यात गर्दी नसते" हा सल्ला खरा असला तरी कोणासाठी जाताय ते आधी ठरवा. लांडगे थंडीतच बघावेत. अंगावर भरगच्च केस, बर्फावर उठून दिसतात, आणि उन्हाळ्याच्या दुपारसारखे झुडपाखाली पडून राहत नाहीत.

एप्रिल-मेमध्ये रानडुकरांची पट्टेरी पिल्लं असतात. जूनमध्ये आयबेक्सची करडं होतात आणि दोन-चार दिवसांची झाली की उभ्या खडकावर चढायला लागतात. ते बघताना सासूबाई दर वेळी "अरे पडेल, पडेल" म्हणत पदर तोंडाला लावायच्या.

पण मला विचाराल तर सप्टेंबरचा शेवट. लाल हरणांचा माजाचा काळ असतो. नर मान वर करून असा काही हंबरतो की पोटात हलतं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी गेलात तर धुक्यात तोंडाची वाफ दिसते. मुलाने विचारलं, "तो ओरडतोय का?" मी म्हटलं, लग्न जमवतोय.

नोव्हेंबरमध्ये खाली झुरिकला आठवडेच्या आठवडे राखाडी धुकं असतं आणि वर डोंगरावर ऊन. घरातून बाहेर बघून सहल रद्द करू नका. वरच्या केबल कार स्टेशनचा वेबकॅम बघून ठरवा.

३. गाडीची तिकिटं: इथे पैसे वाचतात किंवा बुडतात

सहा वर्षांखालच्या मुलाला मोठ्यांबरोबर तिकीट लागत नाही. सहा ते सोळामधल्या मुलासाठी युनिओरकार्टे काढा. वर्षाला ३० फ्रँक, आणि आईवडिलांपैकी कुणाबरोबरही मूल फुकट फिरतं. एका सहलीत पैसे वसूल होतात म्हटलं तरी चालेल. मात्र हे कार्ड आईवडिलांबरोबरच चालतं. आजोबा एकटे नातीला घेऊन निघाले तर चालत नाही, त्यासाठी किंडर-मिटफारकार्टे वेगळं. हा फरक आम्हाला तपासनीसाने धावत्या गाडीत समजावून सांगितला, सौम्य आवाजात, दंडाच्या पावतीसह.

स्वतःसाठी हाल्बटाक्स, म्हणजे अर्ध्या तिकिटाचं वार्षिक कार्ड. इथे राहायचं असेल तर यावर विचार करण्यात वेळ घालवू नका.

पाहुण्यांसाठी दोन वाटा. महिनाभर राहणार असतील तर परदेशी पाहुण्यांसाठी एक महिन्याचं हाल्बटाक्स मिळतं. एक-दोनच सहली असतील तर आपल्या गेमाइंडेकडून, म्हणजे गावच्या कार्यालयातून, दिवसभराचं स्वस्त तिकीट, श्पार्टागेसकार्टे, घ्या. ठरावीक संख्येने असतात, लवकर घ्याल तितकी स्वस्त, म्हणून व्हिसा हातात आला की तारखा बघायला लागा. पाहुण्यांकडे स्विस ट्रॅव्हल पास असेल तर गाडीचा प्रश्नच मिटला.

मोबाइलवरून रेल्वेच्या ॲपमधल्या ईझीराइडने चेक-इन करून बसत असाल तर उतरल्यावर चेक-आउट करायला विसरू नका. बाबागाडी, पिशव्या आणि "मला शू लागली" या गडबडीत हे हटकून राहतं.

स्वतःची कार असेल तर हमरस्त्यांसाठी ४० फ्रँकची वार्षिक विन्येट, म्हणजे टोलचा परवाना, लागते. ऑस्ट्रियात शिरलात तर त्यांची वेगळी. उन्हाळ्यातल्या रविवारी पार्काबाहेर गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील. आम्ही कार विकली नाही, पण पार्काला नेणं सोडलं.

४. बरोबर काय घ्यायचं

कागदपत्रं:
– सगळ्यांचं आउसवाइस, म्हणजे राहण्याचा परवाना. सीमा ओलांडणार असाल तर पासपोर्टही. फेल्डकिर्ख किंवा कुफश्टाइनला पोलीस गाडीत चढतात, आणि फोनमधला फोटो दरवेळी पुरेल याची खात्री नाही.
– पाहुण्यांचा पासपोर्ट. शेंगेन व्हिसावर स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनी, फ्रान्स, इटली सगळं चालतं.
– पाहुण्यांच्या प्रवास विम्याचा कागद. व्हिसासाठी काढलेला असतोच, तो कपाटात ठेवून सहलीला जाऊ नका.
– स्विसपास (ज्यावर हाल्बटाक्स असतं ते कार्ड), मुलांची कार्डं, आरोग्य विम्याचं कार्ड.

सामान:
– प्रत्येकाला पावसाळी जाकीट. छत्री नको. आवाराजवळ छत्री उघडली की लाजाळू प्राणी पळतात आणि चढावर ती आपल्यालाच नको होते. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं, म्हणून जुलैतही एक स्वेटर.
– सॉलिड तळव्याचे बूट. साडी नेसून सासूबाई आरामात फिरतात, पण पायात खेळाचे बूट. या मुद्द्यावर घरात एकदा वाद झाला, परत झाला नाही.
– दोन वर्षांखालच्या बाळासाठी बाबागाडीपेक्षा अंगाला बांधायची झोळी. गोल्डाऊला चढउतार आहेत, काही वाटांवर पायऱ्या.
– साधी दुर्बीण. महाग नको, पण हवीच. मुलांच्या गळ्यात एक, आपल्या गळ्यात एक, म्हणजे भांडण नाही.
– एक पातळ गादी किंवा जुनी चादर. का ते पुढे सांगते.
– अंगात घालायला वेळ न लागणारे कपडे, कोरडे मोजे, ओले टिश्यू, कचऱ्याची पिशवी.

स्वित्झर्लंडमधले आपत्कालीन क्रमांक: रुग्णवाहिका १४४, डोंगरातून उचलायची वेळ आली तर रेगाचं हेलिकॉप्टर १४१४.

५. खायचं काय

घरून डबा न्या. सहलीला डबा नेण्यात इथे काहीही कमीपणा नाही. स्विस लोक तर पाठीवरच्या पिशवीतून अख्खं स्वयंपाकघर काढतात. रविवारी दुकानं बंद असतात, फक्त मोठ्या स्टेशनांवरची उघडी, त्यामुळे शनिवारीच सगळं आणून ठेवा.

बऱ्याच पार्कांत आणि त्यांच्या आसपास दगडांची चूल असते, फॉयरश्टेले. लोक काठीला सॉसेज टोचून भाजत बसतात. मुलांनाही हवं असतं. शाकाहारी कुटुंबाने मक्याची कणसं, मसाला लावलेलं पनीर आणि शिमला मिरची नेली की मुलं खूष. शेजारी प्रेमाने सेर्वेला देऊ करेल. त्या सॉसेजमध्ये गोमांस आणि डुकराचं मांस दोन्ही असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी हसून "नाईन, डांके" म्हणावं.

उपाहारगृहात शाकाहाऱ्यांसाठी पोम फ्रीत, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या फोडी, आणि चीज असलेलं काहीतरी. शरद ऋतूत मात्र सगळीकडे "विल्ड" असं लिहिलेला वेगळा मेनू लागतो. तो शिकारीच्या मांसाचा. सकाळी ज्या हरणाला खायला घातलं त्याच जातीचं हरण दुपारी मेनूवर बघून लेकीने जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर मी अजून शोधते आहे.

६. दारातून आत शिरल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

शक्यतो पार्क उघडताना पोहोचा. दुपारी बारा ते तीन हा प्राण्यांच्याही झोपेचा वेळ.

आत गेल्यावर धावत सुटू नका. आधी शौचालय. मग दारातल्या फलकावर त्या दिवसाच्या खाण्याच्या वेळा बघा, "फ्युटरुंग" असं लिहिलेलं असतं. फोटो काढा आणि त्यातल्या फक्त दोन वेळा निवडा. दिवस त्या दोन वेळांभोवती फिरू द्या. लांडग्याचं जेवण निवडत असाल तर मुलांना आधी कल्पना द्या. मांस तुकडे करूनच देतात असं नाही. आमच्या समोर अख्खा ससा आला, कातडीसकट. मुलगा टक लावून बघत होता, माझ्याच पोटात कालवलं.

नकाशा घ्या, पण मुलाच्या हातात देऊ नका. हरणं कागद खातात.

काही पाट्या वाचता आल्या की बरं पडतं. "फ्युटर्न फरबोटन" म्हणजे खायला घालायला मनाई. "बिटे निश्ट बेर्युरन" म्हणजे हात लावू नका. "गेश्लोसन" म्हणजे बंद. "आउसगांग" बाहेर जायची वाट. "वॉल्फ" आणि "वेग" शेजारी शेजारी लिहिलेलं दिसलं तर, "वेग"चा एक अर्थ "गेला" असला तरी, तो लांडगा निघून गेला असं नाही, ती लांडग्याकडे जाणारी वाट.

७. खायला घालणं

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या लोकांची सगळ्यात मोठी चूक इथे होते.

सासूबाई पुण्याला रोज सकाळी पहिली पोळी गाईला काढून ठेवतात. गोल्डाऊला मोकळ्या हरणांच्या भागात शिरलो, एक सिका हरीण चार पावलांवर येऊन उभं राहिलं, आणि मी मागे वळून बघते तर आईंच्या हातात डब्यातली पोळी. घडी घातलेली, तुपाची.

"आई, ती नाही द्यायची."

"अगं, गाईला चालते मग हरणाला का नाही? तेही रवंथच करतं ना?"

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि उत्तरही त्यातच होतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जीवाणू गवत, पाला, काड्या पचवायला सरावलेले असतात. पोळी, पाव, बिस्किट एकदम पोटात गेलं की ते भराभर आंबतं, पोट फुगतं, जनावर मरूही शकतं. दिवसाला शेकडो माणसं येणार, प्रत्येकाने एक तुकडा दिला तर काय होईल? आईंनी पोळी परत डब्यात ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे आमच्या गल्लीतल्या गाईचंही तसंच होत असेल." पुढचे दहा मिनिटं त्या काही बोलल्या नाहीत.

तर नियम सोपा: पार्कातच मिळणारं खाद्य, तेही जिथे परवानगी आहे तिथेच. नाणी जवळ ठेवा, सगळीकडे कार्ड चालतं असं समजू नका. मुलाच्या हातात अख्खा डबा किंवा पुडी देऊ नका. पुडी आपल्या खिशात, मुलाच्या सपाट तळव्यावर चार दाणे. बोटं वर उचललेली असली की चावा बसतो, मुद्दाम नाही, चुकून. आमच्या मुलाने पुडी पाठीमागे लपवली होती. हरणाने मागून येऊन पुडी ओढली आणि कागदासकट चावून टाकली. तो इतका थक्क झाला की रडायलाही विसरला.

शिंगवाला नर अंगावर येत असेल तर पळू नका आणि त्याला ढकलूही नका. रिकामे दोन्ही हात दाखवा आणि बाजूला व्हा. मुलांना हरणाच्या गळ्यात हात घालून फोटोला उभं करू नका, हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

८. थांबायचं कसं

आता ती चादर. एक आवार निवडायचं, चादर अंथरायची आणि अर्धा तास बसायचं. डबा तिथेच उघडायचा. मोबाइल पिशवीत.

पहिली दहा मिनिटं काही घडत नाही. मुलं कुरबुर करतात. मग कुठेतरी दगड हलल्यासारखा वाटतो आणि तो दगड नसतो, मारमॉट असतो. मागच्या पायांवर उभा राहतो, पुढचे पंजे पोटावर घेऊन एखाद्या तालेवार सावकारासारखा इकडेतिकडे बघतो, आणि एकदम तीक्ष्ण शीळ घालतो. आकाशातून घार गेलेली असते. सगळे बिळात. परत पाच मिनिटांनी एक नाक बाहेर.

बार्टगायरसमोर, म्हणजे दाढीवाल्या गिधाडासमोर, असंच बसा. हे इन्सब्रुकलाही आहे आणि गोल्डाऊलाही. पंखांचा पसारा पावणेतीन मीटरच्या घरात, छाती गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची, आणि मुख्य अन्न हाडं. मोठं हाड उंचावरून खडकावर टाकून फोडतं. कोकरं पळवतं असा जुना समज होता, म्हणून लोकांनी गोळ्या घालून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्प्समधून ते संपवलं. पार्कांत आणि प्राणिसंग्रहालयांत वाढवलेली पिल्लं १९८६ पासून, आधी ऑस्ट्रियात राउरिसच्या खोऱ्यात, सोडायला सुरुवात झाली. १९९७ मध्ये मोकळ्या रानात पहिलं पिल्लू वाढलं, फ्रान्समध्ये. हिमालयात ट्रेक केलेल्यांनी हेच गिधाड तिथेही बघितलं असेल.

लिंक्ससाठी वर बघा, खाली नको. तो दगडावर किंवा आडव्या फांदीवर पडलेला असतो. कानांच्या टोकावरचे काळे केस आधी दिसतात.

९. घरी आल्यावर

खालच्या जंगलांत वसंतापासून शरदापर्यंत गोचिडी असतात. अंघोळीच्या वेळी मुलांचे गुडघ्यामागचे खड्डे, काखा, मानेवरचे केस, कानामागे नीट बघा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, तूप, मेणबत्ती काही लावू नका. त्या जागेवर काही दिवसांनी लाल कडं पसरलं किंवा ताप आला तर डॉक्टर. गोचिडीतून पसरणाऱ्या एफएसएमई या मेंदूच्या आजाराची लस असते, मुलांच्या डॉक्टरांना पहिल्या वसंताआधीच विचारून ठेवा.

पहिल्या फेरीसाठी तयार बेत

गोल्डाऊ धरून सांगते. झुरिकहून आठच्या सुमाराची गाडी. पार्क उघडताना दारात. मोकळ्या हरणांकडे आधी जा, सकाळी ती भुकेली असतात, दुपारपर्यंत इतक्या लोकांनी भरवलेली असतात की तुमच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मग अस्वल-लांडग्यांच्या आवारासमोर चादर. जेवण. जेवणानंतर बार्टगायर, मुलांच्या पायात जोर उरला असेल तर लाकडी मनोरा. तीनच्या सुमाराला निघा.

एक सापळा इथे हमखास लागतो. आर्थ-गोल्डाऊ स्टेशनवरूनच रिगी डोंगरावर जाणारी दातेरी रेल्वे सुटते, आणि पाहुण्यांच्या स्विस ट्रॅव्हल पासवर ती फुकट असते. मग कुणीतरी म्हणतं, "आलोच आहोत तर वर जाऊन येऊ." नका जाऊ. रिगीला वेगळा दिवस द्या. आम्ही दोन्ही एकाच दिवशी केलं, वर पोहोचलो तेव्हा ढग उतरले होते आणि सासऱ्यांचा गुडघा बोलायला लागला होता.

परतीच्या गाडीत डावीकडच्या खिडक्या धरा. वाल्खविलवरून झूगपर्यंत तळं अगदी रुळांना लागून चालतं. मुलं तोपर्यंत झोपलेली असतात, आणि डब्यातली ती पोळी आईबाबा अर्धी अर्धी वाटून खातात.